आमच्या भाकरी केंद्राचा पोळा

माझ्या नातीची कंपनी तिला सुट्टी देते, पण लॅपटॉप हैदराबादेत ठेवून जा म्हणत नाही. नाताळाच्या आधी ती आदिलाबादला आमच्याकडे आली आणि एका दुपारी खोलीचं दार लोटून बसली. मी चहा घेऊन गेले तर आत ही हसाहशी! पडद्यावर लहान लहान चौकटींत दहा-बारा तोंडं, त्यांतल्या निम्म्यांच्या डोक्यावर लाल टोप्या. मधोमध एक हिरवं झाड आणि झाडाला रंगीत चिठ्ठ्या टांगलेल्या.

"हे काम चालू हाय का भिशी?" मी विचारलं.

माझा आवाज मेला लहानपणापासूनच बाजारातला. तो हैदराबाद, बंगळूर, जिथं जिथं ती तोंडं बसली होती तिथं सगळीकडे पोचला. सगळे आणखीच हसले. "नमस्ते अम्मम्मा!" असंही कोणीतरी म्हणालं. नातीनं कपाळाला हात लावला.

मग संध्याकाळी तिनं मला समजावून सांगितलं. "आजी, याला रेट्रो म्हणतात. काम झालं की सगळ्यांनी बसून मागं वळून पाहायचं. काय जमलं, काय फसलं, आता काय सोडायचं. नुसतं विचारलं तर कोणी तोंड उघडत नाही गं. साहेब समोर असतो. म्हणून मी सणाचं सोंग घेते. झाडाला भेटवस्तू टांगायची ती जमलेल्या कामाची, कोळसा टांगायचा तो फसलेल्या कामाचा. खेळ म्हटला की माणसं खरं बोलतात."

मी म्हटलं, "अवं, हे तर आमच्या पोळ्यावानीच झालं."

ती म्हणाली, "पोळ्यात काय असतं?"

तिचा दोष नाही. हैदराबादेत शिकली, तिला बैल मोबाईलवरच दिसायचे. मी तिला सांगत बसले आणि सांगता सांगता माझ्याच डोक्यात हा किडा शिरला, की आपल्या केंद्रात हे करून का पाहू नये?

आमचं केंद्र म्हणजे काय ते सांगते. शाळेत मी नावाला गेले. वाचायला शिकले ते आमच्या भाजीच्या दुकानात, रद्दीच्या पुड्या बांधता बांधता. त्यामुळे माझं वाचन अजून पुडीसारखंच आहे, बातमी रंगात येते आणि कोपऱ्यावर फाटते. हे गेले, दुकान मुलानं मोबाईलच्या कव्हरांचं केलं, आणि मागच्या दोन खोल्या रिकाम्या राहिल्या. तिथं मी ज्वारीच्या भाकरी सुरू केल्या. आमच्या गावात भाकरी खाणारे दोन जातीचे. एक आईनं सांगितलं म्हणून खाणारे, दुसरे डॉक्टरनं सांगितलं म्हणून खाणारे. पहिले बहुतेक मराठी, दुसरे बहुतेक तेलुगू, ते तिला जोन्न रोट्टे म्हणतात आणि पथ्याचं तोंड करून नेतात. भाकरी, झुणका, ठेचा, अंबाडीची भाजी. गल्लीत तयार भाज्या विकणारे चार करी पॉइंट आहेत, पण भाकरीला आमच्याकडेच यावं लागतं.

कामाला आम्ही चौघी. भाकरी थापायला जैनथवाली, म्हणजे जैनथकडच्या, पैनगंगेकाठच्या एका खेड्यातून रोज येते ती. तिची भाकर टम्म फुगते आणि तीही. ठेचा-झुणक्याला ठेचेवाली, जवळच राहते, मिरचीच्या धुरात बसून गाणी गुणगुणते. मी गल्ल्यावर, म्हणजे खरं तर गप्पांवर. आणि चौथी अक्का.

अक्का तेलुगू. इंटरपर्यंत, म्हणजे बारावीपर्यंत शिकलेली, नवरा कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला. फोन घेणं, ऑर्डरी लावणं, डबे बांधणं तिच्याकडे. ती आली तेव्हापासून डॉक्टरवाली गिऱ्हाइकं वाढली, कारण त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलणारं माणूस मिळालं. शांत बाई. आम्ही तिघी खाली पाटावर बसायचो, तिला आम्ही खुर्ची दिली होती.

सुरुवातीच्या दिवसांत एकदा जैनथवालीनं तिची थट्टा केली. अक्काच्या घरी सगळ्यात चिंच. वरणात चिंच, भाजीत चिंच. त्या दिवशी चहा अक्कानं केला, तर ही म्हणते, "अक्का, चहात तर नाई ना टाकली चिंच? दूध फाटन!"

आम्ही हसलो. अक्कानं कप खाली ठेवला, आमच्याकडे पाहिलं आणि दिवसभर एक शब्द बोलली नाही. मग मी जैनथवालीला बाजूला घेऊन रागावले. "परक्या भाषेतली बाई हाय, आपली थट्टा तिले नाई समजत. जपून बोलत जा." तेव्हापासून ती अक्का नाही, अक्कागारू झाली; गारू म्हणजे तेलुगूतलं मानाचं 'जी'. आम्ही एकमेकींना काहीही बोलायचो, झुणका खारट झाला तर ठेचेवालीच्या माहेरापर्यंत जायचो, पण अक्कागारूंना कधी काही नाही.

आता यंदाच्या पोळ्याआधीची गोष्ट. आम्ही दोघी अंबाडी निवडत बसलो होतो. अक्का एकदम म्हणाली, "काकू, माझ्या नणंदनं मंचिर्यालमध्ये टिफिन सेंटर काढलं. मले बोलावते. घरचं माणूस पायजे म्हणते. काउंटरवर बसायचं. यांनाही तिकडं काम मिळन."

माझ्या हातातली काडी हातातच राहिली. "मंग? काय म्हटलं तू?"

"पोळा झाला की सांगते म्हटलं."

"जाचं मन हाय?"

तिनं पानं ताटलीत सारखी केली. "तेच समजत नाई, काकू," म्हणाली.

एवढंच. वाद नाही, तक्रार नाही. तक्रार असती तर मला बरं वाटलं असतं, ती दूर करता येते. मला रात्रंदिवस एकच घोर, ही गेली तर? फोन कोण घेणार, माझं तेलुगू तर 'रा, कूर्चो' म्हणजे 'ये, बस' इथंच संपतं. पण खरं सांगू का, फोनचं काही नाही, फोन कोणीही शिकतं. दुपारी सगळं आवरल्यावर ती खुर्चीवर बसून गजरा करायची आणि आम्हा तिघींना एक एक तुकडा द्यायची. त्या गजऱ्याविना दुपार मला कशी सरणार ते दिसत नव्हतं.

मी बाकीच्या दोघींना सांगितलं. जैनथवाली परातीत हात तसेच ठेवून म्हणाली, "काऊन जाते? आपुन काय केलं तिले?"

"काई नाई केलं."

"मंग?"

"मले काय माईत! पण पोळ्याले तिच्या मनासारखं करू. खेळ करू, हसवू. अन् तिच्या वाट्याले एकही वाकडा शब्द नाई पायजे, सांगून ठेवते."

मग मी त्यांना नातीची गोष्ट सांगितली, आणि मी काय योजलं ते सांगितलं. तुम्ही पोळा पाहिला नसेल तर थोडक्यात सांगते. आदल्या सांजेला खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे सोलवटलेले असतात, ते लोणी-हळदीनं चोळतात आणि त्यांच्या कानात म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी बैल सजवून तोरणाखाली उभे करतात. तेव्हा झडत्या होतात. गावातला कोणीही उठतो आणि पाटलापासून पुढाऱ्यापर्यंत कोणाचीही चार ओळींत हजेरी घेतो. वर्षभर जे पोटात दाबलं ते त्या दिवशी ओठावर. शेवटी 'हर बोला, हर हर महादेव' झालं की सगळं माफ, झडतीचा राग धरायचा नसतो. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दारातल्या पळसाच्या फांद्या गावाबाहेर नेऊन टाकतात, ओरडत ओरडत, ईडापिडा घेऊन जाय गे मारबत!

झालं की नाही सगळं? खांदमळणी म्हणजे जमलेल्याचे आभार, झडती म्हणजे फसलेल्याचा हिशेब, मारबत म्हणजे टाकून द्यायचं ते. कंपनीवाल्यांनी झाड टांगलं, आमच्याकडे बांधून तयार सण.

ठेचेवाली म्हणाली, "काकू, झडत्या तर माणसं म्हणतात. बाया कधी म्हणतात?"

मी म्हटलं, "वर्षभर जू कोणाच्या खांद्यावर हाय? आपल्या. मंग बैल कोण? आपुनच. बैलाले काय बोलू नको म्हणतात का?"

"बैल तर बोलतच नाई," जैनथवाली म्हणाली.

"तू तर बोलते, त्याचं काय करू?"

पोळ्याच्या दिवशी पुरणपोळ्यांच्या ऑर्डरीत आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. दुसऱ्या दिवशी केंद्राला सुट्टी. दुपारी चौघी जमलो. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, मी ज्वारीच्या पिठाचे चार बैल करून ठेवले. त्यांतला एक बैल कमी आणि बटाटा जास्त दिसत होता, तो माझा मी घेतला. मेढे, म्हणजे त्या पळसाच्या फांद्या, खरं तर सकाळीच न्यायच्या असतात. आम्ही दुपारपर्यंत दारातच राहू दिल्या. ईडापिडेला काय घड्याळ कळतं!

आधी खांदमळणी. वाटीत तिळाचं तेल कोमट करून हळद घातली. एकीनं बसायचं, दुसरीनं तिचे खांदे चोळायचे आणि चोळता चोळता तिच्यामुळं वर्षात काय बरं झालं ते तिच्या कानाशी सांगायचं. भाकर थापणाऱ्या बाईचे खांदे म्हणजे काय, दगड. मी जैनथवालीचे चोळले आणि म्हटलं, "माह्या गुडघ्याच्या दुखण्यात तू महिनाभर एकटीनं चूल सांभाळली, माय." तिनं मान खाली घातली. ठेचेवालीनं माझे चोळले. काय म्हणाली ते नाही सांगत, ते माझं मला ठेवू द्या. अक्कानं ठेचेवालीचे खांदे इतके हळुवार चोळले की ती तिथंच पेंगायला लागली.

शेवटी जैनथवाली अक्काच्या मागे बसली. मी डोळ्यानं खुणावलं, जपून. ती म्हणाली, "अक्कागारू, तुमचं काय सांगू? तुमचं सगळंच चांगलं हाय."

अक्का म्हणाली, "थँक्यू."

मला वाटलं, वा, छान चाललंय.

मग झडत्या. पहिली माझ्यावर आली, केंद्राची मालकीण म्हणून. जैनथवालीनं पदर खोचला, तोरणाखाली उभी राहिली, एक हात कानावर ठेवला.

"तव्यावर तवा, तव्यावर भाकर,
काकूचं तोंड म्हंजे गूळ-साखर;
गिऱ्हाईक आलं का गप्पाले बसे,
मागं भाकरीचा कोळसा दिसे!
हर बोला, हर हर महादेव!"

शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं दारातून डोकावून पाहिलं. मी त्याला म्हटलं, "पाहतो काय, तुझ्यावर पण हाय एक!" तो आत पळाला. मग मी उठले. आठवडाभर जुळवून ठेवली होती.

"पैनगंगेच्या काठाले बगळा,
जैनथवालीचा नखरा वेगळा;
रोज म्हणे बस आली नाई,
बस म्हणे, बाई उठलीच नाई!"

"खोटं हाय!" जैनथवाली ओरडली. "एका दिवशी उठली नव्हती फक्त!"

"झडतीचा राग धरते?"

"नाई धरत. पण खोटं हाय!"

ठेचेवालीवर आम्ही दोघींनी मिळून केली होती.

"मीठ साधं, मिरची तिखट,
ठेचेवालीचं बोट फुकट;
चव पाहते म्हणे बोटभर,
भांडं रिकामं, जेवण पोटभर!"

ती हसून हसून भिंतीला टेकली, डोळ्यांतून पाणी. अक्काही हसत होती, टाळ्या वाजवत होती. मग सगळ्यांचे डोळे अक्काकडे गेले आणि तिनं हसणं आवरून, पदर नीट करून, वाट पाहिली. तेव्हा मला ते वाट पाहणं दिसलं नाही. मी उठले आणि म्हटलं,

"फुलात फूल मोगऱ्याचं फूल,
अक्कागारूंचं बोलणं मंजूळ;
लक्ष्मीच्या पायानं घरात आल्या,
आम्हा गरिबांना तारून गेल्या!"

'तारून गेल्या' म्हणून बसले आणि मग माझंच मला ऐकू आलं. जुळवता जुळवता यमक आलं आणि बाई गेलीच की! पण बाकीच्या दोघींनी टाळ्या वाजवल्या. अक्कानंही वाजवल्या, हळू. तिचा चेहरा असा झाला, जसा लग्नात मानाचं पातळ मिळालेल्या बाईचा होतो, जिला आत बसून भाज्या चिरायला बोलवलेलं नसतं.

मी घाईनं म्हटलं, "चला, आता मारबत!"

प्रत्येकीनं मेढ्याचं एक पान तोडायचं, आपल्याला जे टाकायचं ते त्या पानाला सांगायचं आणि दाराबाहेरच्या टोपलीत टाकायचं. मग मेढे आणि पानं गल्लीच्या टोकाला नेऊन टाकायची. जैनथवालीनं पान धरलं, "माह्या बसचे बहाणे घेऊन जाय गे मारबत!" ठेचेवाली म्हणाली, "माह्यं बोट घेऊन जाय... नाई नाई, बोट राहू दे, बोटाची सवय घेऊन जाय गे मारबत!" मी माझ्या गप्पा दिल्या. मारबतनं त्या नेल्या नाहीत, हे तुम्हाला दिसतंच आहे.

अक्कानं पान घेतलं. देठ बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "गारू घेऊन जाय गे मारबत."

आम्हाला समजलं नाही. ठेचेवालीनं विचारलं, "कोणता गारू?"

"अक्कागारू. ते गारू." पान तिच्या हातातच होतं. ती सावकाश बोलत होती, शब्द एक एक करून चौरंगावर मांडावा तशी. "तुमी सगळ्याइले झडती दिली. काकूले पण दिली, मालकीण असून. मले नाई. मले लक्ष्मी म्हटलं. माझ्या हातून काई चुकलंच नाई का वर्षभर?"

जैनथवालीनं पदर तोंडावर घेतला.

"उन्हाळ्यात ती लग्नाची ऑर्डर. बुधवारची होती, मी मंगळवारी लावली. एवढ्या भाकरी उरल्या. तुमी सगळ्या त्याच खात बसल्या, चुरा करून, दह्यात घालून. माझ्यासमोर म्हणत होत्या, शिळी भाकर तब्येतीले चांगली. कोणी मले एक शब्द नाई बोललं. ठेच्यात मीठ जास्त झालं तर हिच्या माहेरापर्यंत जाता. माझ्या माहेरापर्यंत कोणी गेलं नाई कधी." तिनं देठ पुन्हा बोटांत फिरवला. "मी घरी जाऊन रडली. मले खुर्ची, तुमी सगळ्या खाली. मी काय पाहुणी हाय? पाहुणीले जावं लागते, काकू. नणंदचा फोन आला तवा मी हेच इचार केला, की पाहुणीच हाय तर तिकडं का नाई?"

मी म्हटलं, "पण त्या चिंचेच्या दिवशी तू किती रागावली होती! दिवसभर बोलली नाई. म्हणून तर आम्ही जपत होतो."

"रागावली?" अक्काचे डोळे मोठे झाले. "मी उत्तर शोधून राह्यली होती! मराठीत सापडत नव्हतं. दिवसभर शोधलं. सापडलं तवा मी रस्त्यात होती, एकटीच हसली. दुसऱ्या दिवशी सांगावं म्हटलं तर तुमी अक्कागारू, अक्कागारू. मंग कुणाले सांगणार?"

जैनथवालीनं तोंडावरचा पदर काढला. "काय सापडलं होतं?"

अक्का तिच्याकडे वळली. "दूध फाटाले आधी दूध लागते. तू करते त्या चहात दूध कुठं असते?"

मग जैनथवालीनं मांडीवर अशी थाप मारली की पिठाचा एक बैल आडवा झाला. "अवं माय! अन् हे तू पोटात ठेवलं? इतके दिवस?" अक्कागारूची 'तू' कधी झाली ते तिलाही कळलं नाही. ती तडक उठली, पदर खोचला आणि तोरणाखाली जाऊन उभी राहिली. "ऐक मंग! तुले झडतीच पायजे ना? घे!"

आणि तिनं उभ्या उभ्या जुळवली. ती अशीच आहे, भाकर आणि झडती दोन्ही हातावर थापते.

"बुधवारचं लगीन, मंगळवारी जेवण,
अक्कानं धाडलं देवालेच आवतन;
नवरदेव घरी दाढी करे,
इकडं भाकरीचा डोंगर उरे!
हर बोला, हर हर महादेव!"

ठेचेवालीनं पुस्ती जोडली, "अन् दह्यात चुरून चुरून माह्या दाताचं पीठ झालं, अक्का, ते पण सांगून ठेवते! शिळी भाकर काई तब्येतीले चांगली नसते, आमी मरत होतो खाऊन!"

आम्ही हसलो आणि मग अक्काकडे पाहिलं. ती हसत नव्हती. गप्प. चेहरा अगदी त्या चिंचेच्या दिवसासारखा, नजर कुठंतरी चुलीच्या वर. झालं, गेली मंचिर्यालला, जास्त झालं. जैनथवालीचाही धीर सुटला, ती तोंड उघडून म्हणायला लागली, "अक्का, चहा ठेवू का..."

मी तिचा हात घट्ट धरला. "थांब. शोधू दे."

आम्ही थांबलो. बाहेर एक ऑटोवाला हॉर्न वाजवून गेला. झेरॉक्सवाला पुन्हा डोकावला. ठेचेवालीला बोलल्याशिवाय राहवत नाही, तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. अक्काचे ओठ हलत होते. तिनं बोटं मोडली, एकदा मान हलवली, पुन्हा मोडली. मग उठली. हातातलं पान टोपलीत टाकलं, तोरणाखाली गेली. जैनथवालीसारखाच हात कानावर ठेवला.

"ओक रोट्टे, रेंडू रोट्टे,
जैनथवालीचे बोल मोठे;
चंद्रावानी भाकर, खरं हाय बाई,
डाग तेवढे, उजेड नाई!"

आणि शेवटचं 'हर बोला' तिनं असं काही ठोकलं की समोरच्या किराणावाल्यानं, त्याच्या गिऱ्हाइकानं आणि झेरॉक्सवाल्यानं तिकडून 'हर हर महादेव' दिलं.

एक भाकर, दोन भाकरी म्हणत सुरू केलं आणि थेट जैनथवालीच्या वर्मावर! तिच्या भाकरीला आजवर कोणी बोललं नव्हतं, मी तर नाहीच. ती आ वासून उभी. मग तिनं धावत जाऊन अक्काला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावर तोंड खुपसून ओरडली, "डाग? माह्या भाकरीले डाग? उद्या ये तू, तुले दाखवते डाग!"

"येते," अक्का म्हणाली. "दाखव."

ती 'येते' म्हणाली ते मी ऐकलं. पण उद्याचं येणं वेगळं आणि राहणं वेगळं. मी काही विचारलं नाही. आम्ही मेढे उचलले, चौघी गल्लीनं निघालो, म्हाताऱ्या बाईला शोभणार नाही अशा आवाजात ओरडत, आणि टोकाच्या नाल्याशी सगळं टाकून आलो. येताना अक्का आणि जैनथवालीचं भांडण जुंपलं होतं, भाकरीला डाग पडतो तो तव्याचा की बाईचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आली. जैनथवालीनं पहिली भाकर तव्यावरून काढून तिच्या नाकासमोर धरली. अक्कानं ती उजेडाकडे करून उलटीपालटी पाहिली आणि म्हणाली, "एक हाय. इथं." भांडण पुन्हा सुरू.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. अक्काचे हात अंबाडीत भरलेले, म्हणून तिनं कोपरानं दाबून फोन मोठ्या आवाजावर लावला. मी गल्ल्यावर पैसे मोजायचं नाटक करत होते, कान मात्र तिकडे. ठेचेवालीचं बोट ठेच्यात होतं ते तसंच राहिलं.

नणंद गोड बोलत होती. तेलुगू मला फार येत नाही, पण काउंटर, पंखा, खुर्ची एवढं कळलं. मग तिनं विचारलं असावं, काय ठरवलं?

अक्का म्हणाली, "इक्कड नन्नु तिडतारु." हे मला पुरतं कळलं, कारण ती ते आमच्याकडे पाहून सावकाश म्हणाली. इथं मला बोलतात. रागावतात.

तिकडून नणंदेचा आवाज एकदम चढला. अय्यो! मग राहायचं कशाला तिथं, ताबडतोब ये, असंच काहीतरी.

अक्का म्हणाली, "अंदुके रानु."

आणि फोन ठेवून तिनं मला विचारलं, "काकू, समजलं?"

मी म्हटलं, "थोडं थोडं."

"म्हणूनच येत नाई म्हटलं," ती म्हणाली, आणि खुर्ची सरकवून खाली आमच्या पाटावर बसली. जैनथवाली म्हणाली, "सरक वं, जागा नाई इथं तुले." अक्का सरकली नाही.